अण्णांचा डबा

‘नवा लॅपटॉप घेऊन टाका ना!’ पुण्यात बसून फोनवर हे सांगणं फार सोपं असतं. ऑनलाईन ऑर्डर, ईएमआय, काम खल्लास. पण अंबाजोगाईच्या घरातला अण्णांचा २०१२चा डेस्कटॉप (आम्ही त्याला ‘डबा’ म्हणतो) सुरू व्हायला पंधरा मिनिटं घेऊ लागला, तरी अण्णा त्याला हात लावू देईनात. कारण त्यात आजीच्या जात्यावरच्या ओव्या होत्या. ती सांगायची, एमएस-सीआयटी पास झालेले अण्णा दोन बोटांनी टाईप करायचे. तेव्हा लोडशेडिंग जोरात. वीज केंद्र शेजारच्या परळीत आणि अंधार आमच्याकडे! त्यामुळे दर दोन ओव्यांनंतर ‘सेव्ह’. २०१६मध्ये आजी गेली. आता ती फाईल तेवढी उरली.

गेल्या दिवाळीत मी स्क्रू ड्रायव्हर घेऊन बसले. हार्ड डिस्क टक्‌टक् करत होती. म्हणजे ती कधीही राम म्हणू शकते. तुमच्याही घरात असा आवाज येत असेल तर बाकी सगळं सोडा, आधी कॉपी करा. मीही तेच केलं. फाईल माझ्या लॅपटॉपवर उघडली तर काय, ओव्यांच्या जागी एबीसीडीची खिचडी!

आईचा चेहरा उतरला. पण ओव्या शाबूत होत्या. युनिकोड रुळायच्या आधीचे मराठी फॉन्ट इंग्रजी अक्षरांच्या घरात मराठी अक्षरं बसवायचे. तो फॉन्ट नसेल तर खालचं इंग्रजी उघडं पडतं. डब्यातून फॉन्टची फाईलही आणली आणि आजी पुन्हा मराठीत बोलू लागली.

पुढची डागडुजी त्या मानाने किरकोळ. घड्याळ सारखं मागे जायचं, त्यामुळे वेबसाइट ‘कनेक्शन सुरक्षित नाही’ म्हणून अडवायच्या. इलाज मदरबोर्डवरचा नाण्याएवढा सेल, सीआर२०३२. रॅमच्या पट्टीचे पिवळे दात खोडरबरने पुसले, शेजारी चार जीबीची सेकंडहॅन्ड डीडीआर३ पट्टी बसवली. खरी जादू मात्र हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी लावल्यावर झाली. जुन्या मशीनमध्ये बहुतेक वेळा म्हातारा प्रोसेसर नसतो, फिरणारी तबकडी असते. डबा आता अर्ध्या मिनिटात तयार! अण्णा म्हणाले, “चहा ठेवायलाही वेळ मिळंना बघ.”

प्रश्न उरला विंडोजचा. १४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १०चा नेहमीचा सपोर्ट संपला. विंडोज ११ला टीपीएम २.० हवं आणि इंटेलचा असेल तर साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर. आमचा तिसऱ्या पिढीचा. चालत्या मशीनला असं भंगारात काढणं मला तरी पटत नाही. म्हणून लिनक्स मिंट टाकलं. ते फुकट आहे. ‘स्टार्ट’ कुठे गेलं म्हणून अण्णा दोन दिवस कुरकुरले, मग रुळले.

सध्या आम्ही ओव्या युनिकोडमध्ये आणतोय. कन्व्हर्टर रफार आणि जोडाक्षरांची वाट लावतो, त्यामुळे रोज रात्री अण्णा फोनवर जुनी प्रत वाचतात आणि मी इकडे दुरुस्त करते. काल एका शब्दावर गाडी अडली. आजीचा उच्चार की अण्णांची टायपिंगची चूक, कळेना. उद्या केजच्या आत्याला विचारायचं ठरलंय.