तीन गुणांची उधारी

सदाशिव पेठेत मी ज्यांच्याकडे भाड्यानं राहत होतो, त्या काकांचं माझ्यावर मोठं ऋण आहे. पैशाचं म्हणाल तर भाडं त्यांनी दर महिन्याला चोख वाजवून घेतलं. ऋण आहे ते ब्रिजमधल्या एका उत्तराचं.

काका रेल्वेतून निवृत्त झालेले. संध्याकाळी त्यांच्या ओसरीवर ब्रिजचा अड्डा जमे. त्यांचा जुना भिडू मुलाकडे कायमचा राहायला गेला आणि एक खुर्ची रिकामी पडली. जिन्यात मला गाठून त्यांनी विचारलं, "पत्ते येतात?"

"मेंढीकोट येतो."

"म्हणजे हुकूम कळतो. ये खाली."

त्या ओसरीवरचे बाकीचे दोघे विलक्षण आक्रमक. हातात चौकटची सात पानं आली आणि बाकी सगळा खडखडाट असला, की सुरुवातीलाच 'तीन चौकट' ठोकून द्यायचे. आपल्याला डाव होईल ही आशा त्यामागे फारशी नसते. एक आणि दोनच्या पातळीवर प्रतिपक्षानं एकमेकांशी जे बोलून घ्यायचं, ती जागाच खाऊन टाकायची, हा प्रीएम्प्टचा हेतू. मग काका म्हणत, "डबल." हे डबल दंड करण्यासाठी नसतं. चौकट माझ्याकडे थोडी आहे, बाकीच्या तिन्ही रंगांना माझा आधार आहे, तुझा रंग सांग, असं ते भिडूला म्हणणं असतं. पुढचा पास म्हणतो आणि तिघांच्या नजरा आपल्याकडे वळतात.

माझा पहिला प्रश्न होता, "काका, हातात काहीच नसेल तर पास म्हणू?"

"तेव्हा तर मुळीच नाही," ते म्हणाले. "काही नसलं तरी तीनच्या पातळीवर तुझा लांबातला लांब रंग सांगायचा. चार इस्पिकं असली, त्यात दश्शीच्या वर पान नसलं, तरी 'तीन इस्पिक' म्हणायचं. मी विचारलंय, तुला सुटका नाही. पास म्हणायचा हक्क कधी? चौकटचीच एक्का, राणी, दश्शी, नव्वी तुझ्या हातात असली तर. तेव्हा गप्प बस. मग ते डबल दंडाचं होतं आणि त्यांचे हात आपण मोजून घेऊ."

ज्याच्याकडे काही नाही त्यानं बोलायचं आणि ज्याच्याकडे भरपूर आहे त्यानं गप्प राहायचं, ही रीत माझ्या ऑफिसातल्या रीतीच्या नेमकी उलट होती.

पण काकांची खरी शिकवण पुढची. त्यांनी हिशेब मांडला. एक्क्याचे चार, राजाचे तीन, राणीचे दोन, गुलामाचा एक. चारही रंग मिळून डावात गुण चाळीस. "तीन चौकटवाल्याचे धर सात. माझे पंधरा. उरले अठरा. ते तू आणि तो चौथा वाटून घेणार. म्हणजे तुझ्याकडे सातेक गुण असतीलच, असं धरूनच मी तोंड उघडलंय. ते मी आधीच खर्चून बसलोय. ते मला पुन्हा दाखवू नकोस. त्यापेक्षा जास्त असेल तरच उडी मार."

एकदा माझ्याकडे राजासकट पाच इस्पिकं, बदामाची राणी दुसरी आणि किलवरचे राजा-गुलाम आले. नऊ गुण. मी थेट 'चार इस्पिक' म्हणालो. दहा हात झाले. व्हल्नरेबल होतो, 620 मिळाले. तीनवर थांबलो असतो तर त्याच दहा हातांचे 170. काकांनी आकडे लिहिले आणि पानं पिसायला घेतली. शाबासकीची भाषा त्यांना येत नव्हती.

आवाजाच्या बाबतीत ते फार कडक. हातात तेरा गुण असोत की एकोणीस, 'डबल' एकाच सुरात. माझ्याकडूनही तीच अपेक्षा. शून्य गुणांवरचं 'तीन इस्पिक' रडक्या आवाजात म्हटलेलं त्यांना खपत नसे. सुरातून भिडूला काही कळवणं म्हणजे ब्रिजच्या कायद्यानं अपराध.

समोरचे 'दोन इस्पिक' असा कमजोर दोनचा डाव मांडायचे, तेव्हासाठी काकांनी मला लेबेनसोल शिकवलं. अगदी दुबळा हात असेल तर डबलनंतर 'दोन बिनहुकूम' म्हणायचं, काका 'तीन किलवर' म्हणतील, मग आपला रंग सांगून थांबायचं. थेट तीनवर रंग सांगितला तर आठ ते अकरा गुण. ही पद्धत 1970 साली जॉर्ज बोएम यांनी अमेरिकेतल्या 'द ब्रिज वर्ल्ड' मासिकात मांडली आणि ती केन लेबेनसोल्ड यांची असावी असं समजून त्यांचं नाव दिलं. ती आपली नव्हे, असं पुढे लेबेनसोल्ड यांनीच सांगितलं. काकांना याची फार गंमत वाटे. "कोणाचे आभार मानायचे तेही ठाऊक नाही, वापरतो मात्र रोज," म्हणायचे.

2018 साली जाकार्ताच्या आशियाई क्रीडास्पर्धांत प्रणव बर्धन आणि शिबनाथ सरकार या जोडीनं ब्रिजचं सुवर्णपदक जिंकलं, तेव्हा काका हयात नव्हते. काकूंनी मला बोलावून घेतलं. "तुमच्या पत्त्यांना मेडल मिळालं म्हणे," म्हणाल्या आणि काकांची डावांची वही माझ्या हातात ठेवली.

डबल केलेल्या डावापुढे स्वतःचे गुण टिपायची काकांना सवय होती. पहिल्या पानांवर सोळा, पंधरा, सतरा. पुढे पुढे चौदा, तेरा. शेवटच्या पानांवर रंगांची वाटणी सोयीची असली की बारासुद्धा. टेबलावर एकेक डाव संपल्यावर हे आकडे मी पाहतच होतो, पण ओळीनं कधी वाचले नव्हते. हात त्यांचा हलका होत गेला आणि 'डबल' मात्र त्याच सुरात येत राहिलं, कारण पलीकडून नेमकं उत्तर येणार याची त्यांना खात्री वाटू लागली होती.

पंधराचे बारा झाले, ते तीन गुण काकांनी माझ्या भरवशावर उचलले होते. वहीचा हिशेब पाहिला तर उधारी त्यांच्या नावावर दिसते. पण मेंढीकोटापुरती अक्कल असलेल्या भाडेकरूवर कोणी इतकं धरून चालावं, यात देणेकरी मीच ठरतो.