नगरचे घाट आणि बिनक्लचची गाडी

मैत्रिणींनो, क्षेत्रफळानं महाराष्ट्रातला सर्वांत मोठा जिल्हा कोणता, ठाऊक आहे ना? आपलं नगर! २०२४ पासून कागदोपत्री ते अहिल्यानगर झालं, पण लोकांच्या तोंडी अजून नगरच आहे. शिर्डी, शिंगणापूर, मोहटादेवी, भंडारदरा हे सगळं एका सुट्टीत पाहायचं, तर घरची गाडी हवीच. आणि क्लच नसलेल्या, म्हणजे ऑटोमॅटिक गाड्या आल्यापासून पुष्कळ घरांत ती गाडी बाईच चालवते.

पण हीच गाडी घाटात रुसली, की ‘गिअरबॉक्सच गेला’ असं सांगणारा कुणीतरी भेटतो. नव्या गिअरबॉक्सचा खर्च काही गाड्यांत लाखाच्या वर जातो. एवढ्यात मुलांची वर्षाची फी भागते! तेव्हा सहलीबरोबर थोडी माहितीही पदरात पाडून घेऊ या.

सुरुवात नगर शहरातूनच करा. चिलखती दलाच्या केंद्रानं १९९४ मध्ये उघडलेलं रणगाड्यांचं संग्रहालय इथे आहे. १९६५ च्या युद्धात हस्तगत केलेला पॅटन रणगाडा मुलांना जरूर दाखवा. सुमारे पंचेचाळीस टनांचं ते धूड, पण त्यालाही क्लच नाही बरं का! पुढे जायला दोन गिअर, मागे यायला एक. अमेरिकेत १९४० च्या मोटारींत आलेली ऑटोमॅटिक पेटी महायुद्धात हलक्या रणगाड्यांतही बसवली गेली. म्हणजे ‘ऑटोमॅटिक नाजूकच असते’ म्हणणाऱ्यांना परस्पर उत्तर मिळालं.

या पेटीचं तत्त्व आपल्या घरातलंच आहे. दोन टेबलफॅन समोरासमोर ठेवून एकच सुरू केला, तर वाऱ्यानं दुसराही फिरू लागतो. इथे वाऱ्याच्या जागी तेल. त्या तेलावरच सगळा कारभार चालतो. ताजं असताना ते बहुधा लालसर असतं. काळपट झालं, करपल्याचा वास आला, तर समजा पेटी तापते आहे. गाडी उभी होती तिथे फरशीवर लाल डाग दिसला, तर तो पुसून टाकण्याआधी मेकॅनिकला दाखवा.

नगरहून पाथर्डीकडे निघालात, की करंजी घाट लागतो. नवरात्रात मोहटादेवीची गर्दी असली, तर चढावर थांबत थांबत जावं लागतं. अशा वेळी पुष्कळजणी ब्रेक न दाबता ॲक्सिलरेटरवरच गाडी तोलून धरतात. तसं मुळीच करू नका. स्वस्त ऑटोमॅटिक गाड्यांत, म्हणजे ज्यांना एएमटी म्हणतात त्यांत, क्लच असतोच. फक्त तो आपल्याऐवजी यंत्र दाबतं. चढावर तोलून धरलं की तो घासतो. मग गिअर बदलताना हिसके बसतात, करपट वास येतो. पण क्लचप्लेट बदलणं हे सगळी पेटी बदलण्यापेक्षा कितीतरी स्वस्त, हे लक्षात ठेवा.

शनिअमावस्येला शिंगणापूरच्या रस्त्यावर गाड्या मुंगीच्या पावलांनी सरकतात. दोन क्लचच्या पेटीला (डीसीटी) हेच सोसत नाही. पुढच्या गाडीला चिकटून इंच इंच सरकू नका. थोडं अंतर पडू द्या, मग एकदाच पुढे घ्या. तापल्याचा दिवा लागला, तर बाजूला घ्या, ‘पी’मध्ये टाका, आणि दिवा विझेपर्यंत निवांत बसा. देव थांबतो हो!

आता संगमनेर, अकोले, राजूर करत भंडारदऱ्याला चला. १९२६ मध्ये पुरं झालेलं धरण, प्रवरेचा रंधा धबधबा, जवळच १६४६ मीटरचं कळसूबाई. मे अखेरीला काजवे पाहायला इथे रात्री गाड्यांची रीघ लागते. पट्ट्यावर चालणारी सीव्हीटी पेटी असेल, तर लांब चढावर एकसारखी घूं घूं वाढते का, गाडी थरथरते का, तिकडे कान द्या. उतारावर ‘एन’मध्ये कधीच सोडू नका, ‘एल’ किंवा हाती गिअर घेऊन उतरा, म्हणजे ब्रेकही तापणार नाहीत. उतारावर उभी करताना पाय ब्रेकवर ठेवून आधी हँडब्रेक ओढा, मग ‘पी’. एएमटीला बहुधा ‘पी’ नसतो. ती गिअरमध्ये ठेवूनच बंद करावी.

एवढं करूनही गाडी अडलीच तर? इंजिन ओरडतं पण वेग वाढत नाही, ‘डी’ किंवा ‘आर’ टाकल्यावर गाडी क्षणभर विचार करते, धक्का देऊन निघते, ही सगळी आधीच्या सूचनेची भाषा आहे. कधी झालं, चढावर की सपाटीवर, गार असताना की तापल्यावर, हे वहीत टिपून ठेवा. वर्कशॉपमध्ये ‘साहेबांना पाठवा’ म्हणाले, तर ती वही पुढे करा. चालवता तुम्ही, तेव्हा ऐकलंयही तुम्हीच!

आणि ‘पेटी बदला’ म्हणाले, तर आधी विचारा: बॅटरी पाहिली का? तेलाची पातळी पाहिली? संगणक लावून दोषाचा क्रमांक काढला? पुष्कळदा एखादा सेन्सर, तेलाचा झडपवजा सोलेनॉइड किंवा उतरलेली बॅटरी एवढंच निघतं. अंदाजपत्रक लेखी घ्या, काढलेले भाग परत मागा, मोठा खर्च असेल तर दुसऱ्या ठिकाणीही दाखवा. गाडी ओढून न्यायची वेळ आलीच, तर पाठीवर घेणारा ट्रक मागवा. चाकं जमिनीवर फिरवत नेली, तर चांगली पेटीही बिघडू शकते.

गाडीच्या पुस्तिकेत आपली पेटी कोणती आणि तिचं तेल किती किलोमीटरला बदलायचं, ते आज दुपारीच पाहून ठेवा. सहलीच्या फराळाइतकीच ही तयारी महत्त्वाची!