उंदराचा काय गुन्हा?

वेलिंग्टनमध्ये दोन शेजारी भेटले की आधी वाऱ्याला नावं ठेवतात आणि मग विचारतात, "या आठवड्यात काही मिळालं का?" मिळालं म्हणजे उंदीर. न्यूझीलंडच्या या राजधानीत हजारो घरांच्या परसात लाकडी खोकी ठेवलेली आहेत. एक आमच्याकडेही आहे. हातभर लांब, तोंडाशी उंदीर शिरेल एवढंच भोक, आत स्प्रिंगचा सापळा आणि त्यावर बोटाच्या टोकावर मावेल इतकं पीनट बटर. खोकं कुंपणाला लागून ठेवायचं, कारण उंदीर मोकळ्यातून जात नाही, कडेकडेने जातो. भोक लहान, कारण मांजराचा पंजा किंवा पक्ष्याची चोच आत जाता कामा नये. शनिवारी हातमोजे घालून झाकण उघडायचं. उंदीर असेल तर लिंबाच्या झाडाखाली पुरायचा आणि फोनवर नोंद करून टाकायची.

साताऱ्याला फोनवर हे सांगितलं तेव्हा आई आधी गप्प झाली. मग म्हणाली, "घरात शिरत असतील तर मारायलाच हवेत गं. निदान चतुर्थीला तरी नको मारूस."

"अगं, घरात नाही शिरत. बाहेर झाडांवर असतात."

"मग कशाला मारतेस?"

आईचा प्रश्न बिनतोड होता. ज्याने डब्यातल्या धान्याला तोंड लावलं नाही, कपाटातली साडी कुरतडली नाही, तो उंदीर मारायचा, हे आमच्या घरच्या कुठल्याच हिशेबात बसत नाही.

इथला हिशेब फार मागे जातो. सुमारे आठ कोटी वर्षांपूर्वी ही जमीन दक्षिणेकडच्या महाखंडापासून सुटली. वटवाघळं सोडली तर जमिनीवर वावरणारा एकही सस्तन प्राणी इथे नव्हता. पक्ष्यांना भीती होती ती वरून झडप घालणाऱ्या शिकारी पक्ष्यांची. त्यांच्यावर उपाय एकच, जागच्या जागी निश्चल बसायचं आणि पाचोळ्यात मिसळून जायचं. नजरेने शिकार करणाऱ्यापुढे ही युक्ती लाखो वर्षं चालली. नाकाने शिकार करणारा आला, तेव्हा तीच जिवावर बेतली.

हे नाकवाले आले ते माणसाबरोबर. पहिला उंदीर माओरींच्या होड्यांतून आला, पुढचे दोन युरोपियनांच्या जहाजांतून. फरसाठी ऑस्ट्रेलियातून पॉसम नावाचे प्राणी आणले. शिकारीच्या हौसेसाठी आणलेल्या सशांनी गवत फस्त करायला सुरुवात केली, तेव्हा १८८०च्या दशकात त्यांच्यावर स्टोट सोडले. पक्षिशास्त्रज्ञ नको म्हणत होते, पण मेंढपाळांचा आवाज मोठा होता. स्टोट मुंगसाच्या अंगलटीचा, चपळ. त्याला ससा पकडण्यापेक्षा किवीचं पिल्लू उचलणं सोपं वाटलं. पिल्लू किलोभराचं झालं की लाथांनी स्वतःला वाचवू शकतं. राखण नसलेल्या जंगलात बहुतेक पिल्लं तिथवर पोचतच नाहीत. काका नावाच्या मोठ्या तपकिरी पोपटाची मादी झाडाच्या ढोलीत अंडी उबवते. ढोलीला तोंड एकच, आणि स्टोट त्याच तोंडाने आत येतो. म्हणून कित्येक जंगलांत या पोपटांचे नर उरले आणि माद्या संपत गेल्या. हुइया हा पक्षी तर १९०७ नंतर कुणी खात्रीने पाहिलेलाच नाही.

वेलिंग्टनकरांनी १९९९ मध्ये शहराच्या जुन्या धरणांभोवतीच्या २२५ हेक्टरांच्या खोऱ्याला उंदरालाही ओलांडता येणार नाही असं कुंपण घातलं. हेच झीलँडिया अभयारण्य. २००२ मध्ये तिथे काका सोडले. पण पक्षी कुंपण कशाला मानतील? ते उडून आमच्या बागांत आले, आणि बागांत अंडी-पिल्लं खाणारे उंदीर होतेच. परसातल्या खोक्यांचा जन्म या अडचणीतून झाला. याच अभयारण्यात २०१२ मध्ये पॉल कॅलहन या भौतिकशास्त्रज्ञाने मृत्यूच्या काही आठवडे आधी भाषण केलं. सगळा देश उपऱ्या शिकाऱ्यांपासून मुक्त करणं ही आपली चांद्रमोहीम ठरावी, असं त्यांनी सुचवलं. २०१६ मध्ये सरकारने २०५० सालचं उद्दिष्ट जाहीर केलं. २०२३ पर्यंत विमानतळापलीकडच्या मिरामार द्वीपकल्पावरून उंदीर हटवण्यात यश आलं, आणि तिथे हजारो माणसं राहतात.

आता सकाळी काका आमच्या छतावर येऊन कर्कश भांडतात आणि शेजारच्या झाडाची साल सोलून काढतात. शेजारी कुरकुरतात, पण खोकं मात्र हलवत नाहीत.

मला अडवतं ते वेगळंच. माझ्या सापळ्यात सापडतो तो जहाजी उंदीर. शेपूट अंगापेक्षा लांब, कान मोठे, झाडावर चढण्यात पटाईत. तो मूळचा भारतीय उपखंडातला. आपल्या माळ्यावर खुडबुडतो तोच. पासपोर्टावर शिक्के घेऊन आलेली मी, बिनशिक्क्याच्या गाववाल्याला मारते आहे. मग परका तो शत्रू, असं म्हणायचं का? तसंही नाही. समोरच्या तारेवरची चिमणी एकोणिसाव्या शतकात इंग्रजांनीच आणलेली, पण तिच्यासाठी कुणी खोकं ठेवत नाही. बाहेरून येणं हा गुन्हा नाही. इथल्या पक्ष्यांना ज्याच्यापासून जीव वाचवता येत नाही, तेवढाच हटवायचा. हा भेद बारीक आहे, पण तो सुटला तर सगळी मोहीमच भलत्या वाटेला लागेल.

आणि तो सुटू शकतो. गल्लीतली मुलं उंदरांचे आकडे क्रिकेटच्या धावांसारखे सांगतात. मोठी माणसं मेलेल्या उंदराचा फोटो गल्लीच्या फोनवरच्या गटावर टाकतात आणि खाली टाळ्या पडतात. मला ते खटकतं. उंदरावर राग धरला की मारणं सोपं जातं, आणि सोपं गेलं की हात ढिला पडतो. इथे सापळ्यांच्या चाचणीचा एक निकष आहे. सापळ्यात सापडलेला प्राणी तीन मिनिटांच्या आत कायमचा बेशुद्ध झाला पाहिजे. उंदराला गुन्हेगार मानणाऱ्याला तीन मिनिटं काय आणि तीन तास काय! निकष ठरवणाऱ्यांनी उंदीर निर्दोष आहे हे गृहीत धरलं, म्हणून तर मिनिटं मोजली.

शेजारच्या चिमुरडीने एकदा आजोबांना विचारलं, उंदीर वाईट असतो का? निवृत्त सुतार असलेले ते आजोबा खोक्याचं झाकण बसवत होते. म्हणाले, "नाही. त्याला इथे आणलं आपण." आईला मी हेच सांगायला हवं होतं. ससे आणणारे, स्टोट सोडणारे, जहाजं हाकणारे कधीच गेले. त्यांचं देणं आमच्यावर आलं आहे, आणि आम्ही ते उंदराच्या जिवाने फेडतो आहोत. हे ध्यानात ठेवून सापळा लावता येतो, टाळ्या मात्र वाजवता येत नाहीत.