कल्हईची चमक

अब्बांनी दुकान बंद करायचं ठरवलं, त्या आठवड्यात मी फोनवर एक व्हिडिओ काढला. अंधारं दुकान, भात्याने फुललेले कोळसे, पातेल्यातून उठणारा नवसागराचा धूर आणि कथील फिरताच तांब्यावर पसरणारी पांढरी झळाळी. फोनवर ती डोळ्यांत भरते. घरच्या लिनक्स कॉम्प्युटरवर लावला तर सगळं फिकट, राखेसारखं. अब्बा म्हणाले, "चमक किधर गई रे?"

चमक फाइलमध्येच होती. फोनने एचडीआरमध्ये चित्रण केलं होतं, म्हणजे गडद काळोख आणि लख्ख उजेड एकाच चौकटीत. माझा जुना मॉनिटर ते दाखवू शकत नव्हता. शिवाय डेस्कटॉप एक्स ११वर चालत होता, तिथे एचडीआरची सोयच नाही. केडीई प्लाझ्मा ६ मध्ये, फेब्रुवारी २०२४ला, वेलँडवर ती प्रायोगिक स्वरूपात आली. ग्नोममध्ये मार्च २०२५ला. मी प्लाझ्मा घेतला. इथवर सगळं फुकट.

मॉनिटरसाठी पस्तीस हजार साठवले होते. दुकानदाराने पंधरा हजारांचा एक पुढे केला, खोक्यावर 'डिस्प्ले एचडीआर ४००'चा शिक्का. वीस हजार वाचत होते, खोटं कशाला बोलू, मन डळमळलं. पण हा शिक्का ४०० निट्स उजेडाची हमी देतो. पडद्याचे भाग वेगवेगळे मंद करता यावेत अशी सक्ती त्यात नाही. मागचा दिवा सरसकट पेटला की कोळशांबरोबर दुकानातला काळोखही उजळणार. कल्हईवाल्याचं पोर आहे मी, भांडं आतून बघितल्याशिवाय घेत नाही.

ओएलईडीत प्रत्येक ठिपका स्वतः विझतो, पण तो खिशाबाहेर. शिवाय माझ्या पडद्यावर खालची पट्टी दिवसभर हलत नाही, कायमचा डाग पडण्याची भीती. उरला मिनी-एलईडी, मागचे दिवे शेकडो भागांत वाटलेले. काळ्यावरच्या पांढऱ्या अक्षरांभोवती त्यात पुसट वलय दिसतं. म्हणून लिहिताना मी एचडीआर बंद ठेवतो.

वायरकडे कुणी बघत नाही. माझं कार्ड एएमडीचं, ड्रायव्हर मुक्तस्रोत. अशा ड्रायव्हरमध्ये एचडीएमआय २.१ आणण्याचा एएमडीचा प्रस्ताव एचडीएमआय फोरमने २०२४मध्ये नाकारला. तेव्हा डिस्प्लेपोर्ट हवाच. एका चांगल्या मॉडेलचं फर्मवेअर फक्त विंडोजमधूनच बदलता येत होतं, तेही सोडलं. घेतलं त्याचं पेनड्राइव्हवरून बदलतं. साठवलेल्यातले बाराशे उरले.

रविवारी अब्बांना बोलावून व्हिडिओ लावला. पुन्हा राखच! सेटिंगमधलं एचडीआरचं बटण मी सुरूच केलं नव्हतं. सुरू केलं आणि पातेलं पेटल्यासारखं लखलखलं, मागची भिंत मात्र काळीच राहिली.

अब्बांनी चष्मा पुसला, पुढे वाकून पाहिलं.

"उस रोज कथील जरा ज्यादा लग गया था," ते म्हणाले. "फिरसे लगा."