डिस्ट्रॉय

नगर-मनमाड रस्त्यावरून नागापूरच्या एमआयडीसीत शिरलं की आधी कूलंटचा वास भेटतो, सर्व्हर बऱ्याच उशिरा. तो बहुधा स्टोअरच्या मागे, बेअरिंगच्या खोक्यांशेजारी असतो. मी सांभाळतो त्यातल्या एका डब्यात तीन व्हर्च्युअल मशीन आहेत. एकात टॅली, एकात हजेरी आणि तिसऱ्यात चक्क विंडोज एक्सपी, कारण जुन्या सीएनसीला प्रोग्रॅम पाठवणारं सॉफ्टवेअर त्याच्या पुढं सरकायला तयार नाही.

खाली ही मशीन चालवणारं केव्हीएम. ते 2007 पासून लिनक्सच्या कर्नलमध्येच आहे, त्यावर वाद नाही. वाद होतो तो वरून हाताळायचं कशानं याचा.

माझा जीव व्हर्शवर. काळ्या पडद्यावर चार शब्द, मोबाइलच्या रडक्या नेटवरसुद्धा चालतात. फक्त त्याची भाषा उफराटी. ‘शटडाऊन’ ही नुसती विनंती, आतलं विंडोज अडून बसलं तर ऐकत नाही. ‘डिस्ट्रॉय’ वाचून छातीत धस्स होतं, पण ते फक्त प्लग ओढतं, डिस्कला हात लावत नाही. आणि गरीब चेहऱ्याचं ‘अनडिफाइन’ मशीनची नोंदच पुसतं.

एकदा मी श्रीगोंद्याला वरातीत असताना रात्रपाळीच्या सुपरवायझरचा फोन आला. “सर, हजेरी पार गपगार पडलीय. पोरं गेटवर उभी आहेत.” बँडच्या दणक्यात एकेक अक्षर सांगितलं. एंटर दाबायला तयार होईनात. “डिस्ट्रॉय लिहिलंय सर. नोकरी जाईल माझी.” दाबा म्हटलं. दाबलं, आणि टॅली बंद पडली. मशीनचं नाव मीच चुकीचं सांगितलं होतं. त्या वेळी टॅलीत कुणी नव्हतं म्हणून निभावलं.

पुढं तिथं प्रॉक्समॉक्स बसवलं. ब्राउझरमध्ये 8006 पोर्टवर उघडतं, बटणं आहेत. पण मी भुललो ते बटणांना नाही, अधिकारांना. सुपरवायझरांना आता फक्त हजेरीचं मशीन दिसतं आणि ते चालू-बंद करता येतं. टॅली त्यांच्या पडद्यावर नाहीच.

किंमत मी मोजली. इथं व्हर्श मुकं, ‘क्यूएम’ नव्यानं शिकावं लागलं. प्लग ओढायला त्यात ‘स्टॉप’. आणि ‘डिस्ट्रॉय’ इथं शब्दाला जागतं: बंद मशीन डिस्कसकट साफ. बोटं अजून जुन्याच सवयीची, म्हणून कीबोर्डच्या वर लाल टेप लावलीय.