शिरोलीची नोकरी आणि सोळावं कलम

निपाणी

चि. अभिजित,

तुझा करारनामा वाचला. राजीनाम्यानंतर दोन वर्षं बेळगाव, धारवाड, कोल्हापूर, सांगली या जिल्ह्यांतल्या कुठल्याही फौंड्रीत काम करायचं नाही, या सोळाव्या कलमाला भिऊन तू कोल्हापूरजवळच्या शिरोलीची नोकरी नाकारायला निघालास? अरे, एवढा मुलूख वगळल्यावर माणसाने काय निपाणीत तंबाखूच्या वखारीत हमाली करायची?

1872 च्या कंत्राट कायद्याच्या 27 व्या कलमानुसार, कुणाला कायदेशीर धंदा-व्यवसाय करण्यापासून अडवणारा करार तेवढ्यापुरता रद्दबातल ठरतो. महाराष्ट्र-कर्नाटक सीमाप्रश्नाचा दावा 2004 पासून दिल्लीत पडून असला, तरी हा कायदा बेळगावच्या उद्यमबागेत आणि शिरोलीत एकच. कुणी आपली वखार नावलौकिकासकट विकली, तर त्याच भागात पुन्हा तो धंदा करू नये, अशी वाजवी अट त्याच्यावर घालता येते. तू काही विकलेलं नाहीस, पगारावर राबलास. मालकालाही हे ठाऊक असतं. तरी कलम छापतात, कारण बहुतेक पोरं ते वाचूनच गप्प बसतात.

बाकीचा करार मात्र शाबूत राहतो. कल्याणच्या सेंच्युरी रेयॉनमधले गोलिकरी पाच वर्षांचा करार अर्धवट टाकून कोट्याच्या स्पर्धक कारखान्यात गेले. उरलेल्या मुदतीपुरती त्यांच्यावर घातलेली मनाई सर्वोच्च न्यायालयाने 1967 साली कायम केली. तुझी नेमणूक मुदतीची नाही, पण एक महिन्याची नोटीस आहे; ती पुरी भर.

तुझ्या करारातल्या बाँडचं प्रकरण जरा अवघड आहे. तीन वर्षांआधी नोकरी सोडल्यास दोन लाख भरा, ही विजया बँकेची अट कर्नाटक उच्च न्यायालयात टिकली नव्हती. 14 मे 2025 ला सर्वोच्च न्यायालयाने ती वैध ठरवली. अर्थात तिथे सरकारी बँकेच्या भरतीचा खर्च विचारात घेतला होता. तुझ्या मालकाने तुला शिकवण्यावर खरंच काय खर्च केला, ते त्याला दाखवू दे.

हातातलं कसब तुझं आहे, ते खुशाल ने. पॅटर्नची ड्रॉइंग आणि गिऱ्हाइकांचे दर मात्र मोबाइलमध्ये ठेवू नकोस. तिथे तू अडकलास तर मीही तुझी बाजू घेणार नाही.

राजीनामा लेखी दे, पोच घे. रिलीव्हिंग लेटर अडवलं किंवा वकिलाची नोटीस आली, तर कशावरही सही करण्याआधी मला फोन कर.

तुझी,
आत्या