अकलोली आणि दूर ठेवलेली वही

भिवंडीहून वाड्याच्या रस्त्यानें निघून अंबाडीस वळलें म्हणजे वज्रेश्वरी येते, आणि तेथून थोड्याच अंतरावर तानसा नदीच्या कांठीं अकलोली. वाटेचा पहिला भाग सारा गुदामांचा. मुंबईनें आपलें कोठार भिवंडीस आणून ठेविलें आहे, असें म्हटल्यास अतिशयोक्ति होणार नाहीं.

अकलोलीच्या कुंडांतील पाणी चांगलेंच कढत असून त्यास गंधकाचा वास येतो. पावसाचें पाणी खडकाच्या भेगांतून खोल उतरतें, तेथें तापतें व पुन्हां वर येतें. भाविक मात्र यास देवीनें मारलेल्या दैत्यांचें रक्त मानतात. ही वज्रेश्वरी पूर्वीं गुंज येथें होती. पोर्तुगीजांनीं तें देऊळ पाडल्यावर तिची स्थापना वडवलीस झाली, असें सांगतात. १७३९ सालीं वसई सर झाल्यावर चिमाजीअप्पांच्या नवसाप्रमाणें आजचें तटबंदीचें देऊळ उभें राहिलें.

मोलाची वस्तु धोक्याच्या जागेंतून हलविण्याची ही बुद्धि जुनीच आहे. परंतु हलविणें म्हणजे सुरक्षित करणें नव्हे. १७६३ सालीं निजामअलीची फौज पुण्यावर चालून आली, तेव्हां पेशव्यांचे दफ्तराचे कागद सिंहगडाकडे रवाना झाले. त्यांपैकीं पुष्कळ कागद गडाखालच्या गांवांतच शत्रूनें जाळल्याचें ग्रँट डफ लिहितो. त्यांची दुसरी प्रत नव्हती.

हा विषय निघण्यास कारण असें कीं, आमच्यासोबत नात्यांतील दोघे बंधु होते. त्यांचें भिवंडीस गुदाम असून हिशेबाची प्रत रोज रात्रीं इंटरनेटवरून दूरच्या सर्व्हरवर जाते. कंपन्यांस तर २०२२ पासून अशी प्रत रोजच्या रोज भारतांतील सर्व्हरवर ठेवणें नियमानेंच प्राप्त आहे. थोरल्यांस ही सोय रुचत नसे. “आपली वही परक्याच्या घरीं! गिऱ्हाइकांचीं नांवें, भाव, उधारी, सगळें त्यानें वाचावें काय?”

धाकट्यांनीं उत्तर दिलें, “नाहीं दादा, वही येथून निघण्यापूर्वींच कुलूपबंद होते. किल्ली आपल्यापाशीं. सर्व्हरवाल्याजवळ नुसती अक्षरांची भुकटी.”

यासच एन्क्रिप्शन, म्हणजे कूटलेखन, म्हणतात, आणि महाराष्ट्रास तें नवें नाहीं. महानुभावांनीं आपले ग्रंथ सकळ, सुंदरी, अंक अशा लिप्यांत लिहून ठेविले. पंथाचे मठ पंजाब व काबूलपर्यंत पसरले होते. पोथ्या जेथें गेल्या तेथें परक्यांस मुक्या राहिल्या. सकळ लिपींत एका अक्षराच्या जागीं ठरलेलें दुसरें अक्षर येतें. विसाव्या शतकाच्या आरंभीं राजवाडे यांनीं ती उलगडली, आणि ठाण्याचे वि. ल. भावे, ज्यांनीं १८९३ सालीं तेथें मराठी ग्रंथसंग्रहालय स्थापिलें, त्यांनीं हें वाङ्मय लोकांपुढें आणिलें. मराठीचें त्यांत भाग्यच उजळलें. पण व्यापाऱ्यानें यांतून दुसरा बोध घ्यावा. तेथें रीत हीच किल्ली होती. ती एकदां कळली कीं त्या लिपींतील सर्व पोथ्या उघड्या! शिवाय कोणतें अक्षर किती वेळां येतें हें मोजूनही असें लेखन फोडतां येतें.

आजची पद्धति याच्या उलट. १८८३ सालीं केर्कहॉफ्स यांनीं असें मांडिलें कीं, रीत शत्रूच्या हातीं पडली तरी चालावें. गुप्त असावी ती केवळ किल्ली. डेमेन व राइमेन या बेल्जियन विद्वानांची रीत २००१ सालीं अमेरिकन सरकारनें एईएस या नांवानें प्रमाण म्हणून स्वीकारली. ती सर्वांस छापील उपलब्ध आहे, तरी २५६ बिटांची किल्ली नसतां ती फोडण्याचा व्यवहार्य उपाय आजवर कोणास सांपडलेला नाहीं.

थोरल्यांनीं हें शांतपणें ऐकून घेतलें व विचारलें, “किल्ली कोणाजवळ?”

“माझ्याजवळ.”

“आणि तुला कांहीं झालें तर?”

धाकटे गप्प बसले. आमच्या मतें हाच प्रश्न सर्वांत मोठा. महानुभावांची किल्ली परंपरेनें गुरूकडून शिष्याकडे जात राहिली. येथें ती एकट्या माणसाच्या संगणकांत होती. त्याच संगणकास आग लागली, तर दूरची प्रत शाबूत असूनही सर्व्हरवाल्यासकट कोणासही वाचतां येणार नाहीं. चोराचें भय टाळतांना मालकच बाहेर राहावयाचा!

परतल्यावर त्यांनीं किल्ली कागदावर लिहून दोन पाकिटें मोहोरबंद केलीं. एक बँकेच्या लॉकरांत ठेविलें, दुसरें वहिनींच्या स्वाधीन केलें. पुढच्या रविवारीं एका कोऱ्या संगणकावर त्या पाकिटांतील किल्लीनें वही उघडून पाहिली. चालू वर्षाचा हिशेब बिनचूक आला. मागील वर्षाचा मात्र उघडेना. मध्यंतरीं धाकट्यांनीं किल्ली बदलली होती, आणि जुन्या प्रती जुन्याच किल्लीनें उघडावयाच्या. ती त्यांच्या एका टिपणवहींत सांपडली. आतां दोन्ही पाकिटांत दोन-दोन कागद आहेत, आणि प्रत्येकावर तारीख घातलेली आहे.